खंबीर म्हणायचं आणि सोशिक धरायचं

अटलांटात राहणाऱ्या एका मराठी ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: "मी एका मोठ्या हॉस्पिटल समूहात फायनान्समध्ये आहे. आमच्या संचालिका ब्लॅक आहेत, पन्नाशीच्या आतबाहेर. त्या पदावर बसलेल्या पहिल्याच ब्लॅक बाई. सकाळी सातला हजर, रात्री अकराला मेल. गेल्या दोन महिन्यांत मी त्यांना दोनदा जिन्यात भिंतीला टेकून, डोळे मिटून उभं राहिलेलं पाहिलं. विचारलं की हसून ‘आय ॲम गुड’. वाढदिवसाला टीमने त्यांना कॉफीचा मग दिला, त्यावर ‘स्ट्राँग वुमन’ लिहिलेलं. त्यांनी आभार मानून घेतला, पण वापरताना कधी दिसल्या नाहीत. थोडं मोकळं व्हा, असं मी सांगू का? आणि आपल्याकडच्या बायकाही सगळं सोसतातच की, मग यात वेगळं काय?"

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते, कारण ते घाईचं आहे. ‘मोकळं व्हा’ असं त्यांना सांगू नका. निदान ऑफिसात तरी नाही. का, ते सांगायला मला जरा मागून यावं लागेल.

मी बावीस वर्षं बाल्टिमोरमध्ये थेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत शाळांच्या मुख्याध्यापिका, कॉलेजच्या उपाध्यक्षा, नर्सिंगच्या प्रमुख, सामाजिक संस्था चालवणाऱ्या अशा ब्लॅक बायका पुष्कळ आहेत. पहिल्या भेटीत त्यांतल्या कितीतरी जणी माझीच विचारपूस करतात. "आज किती पेशंट झाले तुमचे? जेवलात का?" थेरपीला आलेलं माणूस थेरपिस्टच्या जेवणाची काळजी करतं, तेव्हा मी वहीत तीच पहिली नोंद करते.

आपल्या मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, त्यांचा इथे फार उपयोग होतो. खंबीर आणि सोशिक. खंबीर माणूस ठाम उभा राहतो आणि वेळ आली की नाही म्हणतो. सोशिक माणसाला नाही म्हणायची मुभाच नसते. ‘स्ट्राँग ब्लॅक वुमन’ म्हणताना तोंडी अर्थ खंबीर असतो, व्यवहारात मात्र तिला सोशिक धरलेलं असतं. कॉफीचा तो मग तुमच्या संचालिकांनी कधी का वापरला नाही, याबद्दल माझा अंदाज एवढाच.

ही सोशिकता त्यांच्यावर लादली गेली आणि त्यात माझ्या शेजारच्या पेशाचा, डॉक्टरीचा, मोठा हात आहे. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम बायकांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. अनार्का, बेट्सी, लूसी ही तीन नावं नोंदींत उरली आहेत. एकट्या अनार्कावर तीसच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या. सिम्सला पुढे आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून गौरवलं गेलं आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात त्याचा पुतळा राहिला, तो थेट एप्रिल २०१८ मध्ये हलवला. पुतळा हलला तरी समजूत हलली नव्हती. व्हर्जिनिया विद्यापीठात झालेला आणि २०१६ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. त्यातल्या मेडिकलच्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांना वंशाबद्दलची किमान एक तरी खोटी जैविक समजूत खरी वाटत होती. काळ्या माणसांची कातडी जाड असते, ही त्यांतलीच एक. आणि अशी समजूत ज्यांच्या मनात होती, त्यांनी ब्लॅक रुग्णाचं दुखणं कमी लेखलं.

दुसरी प्रतिमा ‘मॅमी’ची. गोऱ्यांच्या घरात राबणारी, त्यांची मुलं वाढवणारी, सदा हसतमुख, स्वतःचं काहीच नसलेली दाई. १९२३ मध्ये अमेरिकन सिनेटने राजधानीत अशा दाईचं स्मारक उभारायला मंजुरी दिली होती. ब्लॅक बायकांनी आणि ब्लॅक वर्तमानपत्रांनी कडाडून विरोध केला, आणि प्रतिनिधिगृहात तो ठराव बारगळला. पण आजही मीटिंगमध्ये सगळ्यांचं मन सांभाळायचं काम न सांगता ज्या बाईकडे जातं, तिच्या खुर्चीखाली त्या न उभारलेल्या स्मारकाचा चौथरा असतो, असं मला वाटतं.

हे झालं लादलेलं. यात त्यांनी स्वतः उचललेलंही पुष्कळ आहे, आणि त्याचा मान राखल्याशिवाय त्यांच्याशी बोलताच येत नाही. १८९६ मध्ये ब्लॅक बायकांच्या मंडळांनी मिळून राष्ट्रीय संघटना काढली. मेरी चर्च टेरेल पहिल्या अध्यक्षा. ब्रीदवाक्याचा अर्थ असा, की आपण चढताना इतरांनाही वर घेत जायचं. शाळा, दवाखाने, पाळणाघरं त्यांनी अशी उभी केली, कारण दुसरं कुणी करणार नव्हतं. माझ्याकडच्या बायकांच्या आज्यांनी, आयांनी हेच केलं. आणि मुलींना एक वाक्य हमखास ऐकवलं: गोऱ्यांच्या निम्म्याइतकं मिळवायला तुला दुप्पट चांगलं असावं लागेल. वाक्य खरंच होतं, म्हणून तर सोडवत नाही.

आता माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक बाई येत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते आहे. एका सरकारी खात्यात उपप्रमुख होत्या. रात्री तीन-साडेतीन तास झोप. मी पुस्तकात शिकले होते तसं सांगितलं, की भावना दाबू नका, तुमचा थकवा सहकाऱ्यांना दिसू द्या, नातं घट्ट होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पुढच्या आठवड्याच्या बैठकीत म्हणाल्या, "मी फार दमले आहे, हे वेळापत्रक मला झेपत नाही." डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षीच्या मूल्यमापनात ओळ आली: दबावाखाली डगमगतात. त्याच खात्यातल्या एका गोऱ्या सहकारी त्याच सुमारास बैठकीत रडल्या होत्या, त्यांना सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड आणि दोन आठवड्यांची रजा मिळाली. माझ्या बाईंनी ते मूल्यमापनाचं पान माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. बोलल्या काहीच नाहीत. तेव्हापासून ‘मोकळं व्हा’ हा शब्द मी फार जपून वापरते.

मला तेव्हा कळलं ते नंतर संशोधनातही दिसलं. नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलमधल्या शेरिल वुड्स-गिस्कोम्बे या स्वतः ब्लॅक आणि पेशाने नर्स असलेल्या संशोधिकेने २०१० मध्ये ब्लॅक बायकांच्या गटांशी बोलून या खंबीरपणाची वीण उलगडून दाखवली. मजबूत दिसलंच पाहिजे. भावना आत ठेवल्या पाहिजेत. कुणावर अवलंबून राहायचं नाही. साधनं नसली तरी यशस्वी व्हायचंच. आणि सगळ्यांना मदत करायचीच. हे पाच धागे. मग २०१९ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या अमानी ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या २०८ ब्लॅक बायकांचा अभ्यास छापला. वंशभेदाचा ताण शरीरावर किती साचतो आणि हे पाच धागे त्यात काय करतात, असा प्रश्न होता. रक्तदाब, साखर वगैरे मोजून पाहिलं, आणि जे आलं ते पुष्कळांना उलटं वाटलं. मजबूत दिसणं आणि भावना आवरणं हे दोन धागे वंशभेदाच्या तडाख्यात काहीसं संरक्षण देत होते. घात करत होते दुसरे दोन: काहीही करून यशस्वी व्हायचा ध्यास आणि सगळ्यांच्या मदतीला धावायची बांधिलकी.

एका भागातल्या दोनशे आठ बायका म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण माझ्या खोलीत वर्षानुवर्षं जे दिसतं त्याच्याशी हे जुळतं. तुमच्या संचालिकाबाईंचं ‘आय ॲम गुड’ हे चिलखत आहे आणि ते त्यांनी विचार करून घातलंय. ते उतरवायला सांगणारे आपण कोण? जिथे त्यांचा चढलेला आवाज ‘अँग्री ब्लॅक वुमन’ ठरतो आणि भरून आलेला गळा ‘नेतृत्वाची कुवत नाही’ ठरतो, तिथे सरळ चेहरा ठेवणं हे शहाणपण आहे. केसांचंच बघा. नैसर्गिक केसांवरून नोकरीत भेदभाव करायचा नाही, असा कायदा या देशातल्या पहिल्या राज्याने, कॅलिफोर्नियाने केला तो २०१९ मध्ये. त्याआधी हजारो बायका रोज तासभर आधी उठून केस ‘सभ्य’ करून कामावर जात होत्या, आणि कितीतरी जणी अजूनही जातात.

म्हणून मी आता मुखवट्याच्या मागे लागत नाही. मी ओझं बघते.

माझी पद्धत साधी आहे. गेल्या दोन आठवड्यांचं कॅलेंडर छापून आणायला सांगते आणि दोन हायलायटर देते. नेमणूकपत्रात लिहिलेलं काम पिवळं, बाकीचं गुलाबी. एका कॉलेजच्या उपाध्यक्षा शांतपणे रंगवत बसल्या होत्या. पहिलं पान पिवळं-गुलाबी झालं, दुसरं जवळजवळ सगळं गुलाबी. निवड समितीत एक तरी ब्लॅक सदस्य हवा म्हणून ही बैठक. माहितीपत्रकाच्या फोटोसाठी तो एक तास. नवीन लागलेली तरुण ब्लॅक कर्मचारी दार लावून रडली, तिच्याबरोबरची चाळीस मिनिटं. गोऱ्या सहकाऱ्याला वंशभेदाबद्दल ‘खासगीत काही विचारायचं’ होतं, ते जेवणाच्या सुट्टीत. चर्चची शिष्यवृत्ती. भाच्याचा कॉलेजचा अर्ज. रंगवून झाल्यावर त्यांनी गुलाबी हायलायटरचं टोपण लावलं आणि म्हणाल्या, "यातलं मी सोडलं तर त्या मुलीचं काय?"

या प्रश्नाला ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हे उत्तर नाही. ती मुलगी खरी आहे, तिचं रडणं खरं आहे, आणि तिला दुसरं दार नाही. आम्ही फोटो काढून टाकला, तीन समित्या सोडल्या, खासगीतले प्रश्न थांबवले. मुलगी ठेवली. आणि त्या गुलाबी तासांची बेरीज घेऊन त्या अध्यक्षांकडे गेल्या: हे काम कॉलेजला हवं असेल तर माझ्या नेमणूकपत्रात लिहा, त्यासाठी माणूस द्या, पैसे द्या. रडल्या नाहीत, आवाज चढवला नाही, आकडे ठेवले. अर्धवेळ माणूस मिळाला. सगळीकडे मिळेल असं नाही. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या ब्लॅक माणसाच्या हत्येनंतर, २०२० मध्ये, मोठमोठी पदं देऊन ब्लॅक बायकांना नेमणाऱ्या कितीतरी ठिकाणी हाताखाली ना माणसं होती ना बजेट, आणि वारा फिरल्यावर पहिली कात्री त्याच पदांना लागली.

जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या जागी न आवरलेल्या दीर्घ ताणातून येणारी अवस्था म्हटलं. थकून जाणं, कामापासून मन उडणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. या बायकांमध्ये मधलं अंग ओळखू येत नाही, कारण मन उडालं तरी वागण्यातली ऊब त्या टिकवून धरतात. नैराश्याच्या नेहमीच्या प्रश्नावलीतही त्या निसटतात. उदास वाटतं का, नाही. रडू येतं का, नाही. मग मी विचारते, शेवटचं सलग सहा तास कधी झोपलात? दाढा घासता का रात्री? डोकं किती वाजता दुखायला लागतं? तिथे उत्तरं येतात.

माझ्या खोलीत बीपीचं मशीनही आहे. थेरपिस्टच्या खोलीत ते सहसा नसतं, मी ठेवलंय. एकदा ‘आय ॲम फाइन’ म्हणणाऱ्या बाईंच्या दंडाला पट्टा बांधला तर आकडा आला १६८ वर १०४. त्या मशीनकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "गोळ्या आणायला जायचं राहिलंय. सहा आठवडे झाले." बाईंचं बजेट कोटींत होतं, हाताखाली दोनशे माणसं होती, आणि औषधाच्या दुकानात जायला वीस मिनिटं नव्हती.

मिशिगन विद्यापीठाच्या अर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ पासून याला ‘वेदरिंग’ म्हटलं. ऊनपावसाने दगड झिजावा तसं शरीर वयाआधी झिजणं. त्यांच्या २००६ च्या अभ्यासात ताणाने झालेली झीज मोजली, तेव्हा सर्वांत वर गरीब ब्लॅक बायका होत्या आणि दुसऱ्या क्रमांकावर गरीब नसलेल्या ब्लॅक बायका. पगार, पदवी, मोठं घर यांनी हवं तेवढं संरक्षण दिलं नाही. २०१७ मध्ये बाळंतपणानंतर सेरेना विल्यम्सला श्वास लागला, आणि फुप्फुसात गाठी झाल्या असाव्यात हे तिला स्वतःला ओळखू आलं, कारण तो त्रास तिला आधी झाला होता. तिला नर्सला पटवून द्यावं लागलं, सीटी स्कॅनसाठी हट्ट धरावा लागला. गाठी निघाल्या. सेरेनाला जिथे हट्ट धरावा लागतो, तिथे बाकीच्यांनी काय करायचं?

सप्टेंबर २०२३ मध्ये फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाच्या प्रभारी अध्यक्षा जोॲन एप्स एका स्मृतिसभेत कोसळल्या आणि त्याच दिवशी गेल्या. बहात्तर वर्षांच्या होत्या. त्यांचा मृत्यू ताणामुळे झाला असं म्हणायचा मला अधिकार नाही, कुणीच तसं म्हणू नये. पण त्या आठवड्यात माझ्या खोलीत आलेल्या ब्लॅक बायकांपैकी प्रत्येकीने तो विषय काढला. एकीने विचारलं, "मी काम करता करता गेले तर लोक मला खंबीर म्हणतील ना?" त्या हसल्या नव्हत्या. ब्लॅक लोकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या मिसिसिपीच्या फॅनी लू हेमर डिसेंबर १९६४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या सभेत म्हणाल्या होत्या, की आजारी असण्याला आणि थकलेलं असण्याला मी आता विटले आहे. त्याच्या आदल्या वर्षी मतदार नोंदणीच्या प्रशिक्षणावरून परतताना मिसिसिपीतल्याच विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतकं मारलं होतं की मूत्रपिंडाला कायमची इजा झाली. तरी त्या पुढे तेरा वर्षं राबल्या आणि १९७७ मध्ये एकोणसाठाव्या वर्षी गेल्या. त्यांच्या थडग्यावर तेच वाक्य कोरलेलं आहे. ते वाक्य आपण चळवळीची घोषणा म्हणून वाचतो. मला त्यात रुग्णाची तक्रारही ऐकू येते.

तुमचा शेवटचा प्रश्न, आपल्या बायकाही सोसतात, त्याबद्दल. हो, सोसतात. पण या देशात मला किंवा तुम्हाला ऑफिसात रडू आलं तर बहुतेक वेळा कुणीतरी पाण्याचा ग्लास आणतं. आपल्याकडे गरीब गाय म्हणून बघतात, तेही त्रासाचंच, पण आपल्या अश्रूंची कुणाला भीती वाटत नाही. जवळची तुलना शोधायची तर ती सुखवस्तू घरातल्या, नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांशी नको. घराण्यातली पहिली अधिकारी झालेली दलित बाई आठवा, जिची एक चूक सगळ्या समाजाच्या नावावर मांडली जाते आणि जिच्या दारात गावाकडून रोज कुणीतरी काम घेऊन येतं. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्या लोकांना अर्पण केली, तेव्हा हा धागा त्यांना दिसलाच होता.

आता तुम्ही काय करायचं. जिन्यात टेकून उभं राहणं म्हणजे बर्नआउटच असं धरून चालू नका. या वयात गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठींमुळे रक्तस्राव होऊन हिमोग्लोबिन घसरलेलं असू शकतं, आणि ब्लॅक बायकांमध्ये त्या गाठी जास्त प्रमाणात आणि लवकर होतात. छातीत दडपण, जबडा किंवा पाठ दुखणं, धाप, असं काही त्यांनी बोलून दाखवलं तर संकोच न करता ९११ लावा. ‘आता सगळं संपलं तर बरं’ अशा अर्थाचं काही कानावर आलं तर एकट्या सोडू नका, ९८८ ही हेल्पलाइन चोवीस तास असते. यातलं काही नसेल तर त्यांच्या तब्येतीबद्दल एचआरमध्ये किंवा कॅन्टीनमध्ये चकार शब्द काढू नका. तुमची काळजी तिथे पोचेपर्यंत तिचं ‘त्यांना झेपत नाही’ झालेलं असेल.

बोलायचंच असेल तर दोघीच असताना, आणि प्रश्न न विचारता बोला. "कशा आहात?" याचं उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी "बोर्डाच्या तिमाही अहवालाचा पहिला मसुदा मी केलाय, तुम्ही फक्त शेवटची दोन पानं बघा." रात्री अकराच्या मेलला लगेच उत्तर देणं टीमने बंद करा, म्हणजे मेलही हळूहळू कमी होतील. बैठकीत त्यांचा मुद्दा दुसऱ्या कुणाच्या नावावर जायला लागला की "हे मघाशी आपल्या संचालिका म्हणाल्या" एवढं म्हणा. तुमच्या स्वतःच्या घरच्या अडचणी त्यांच्या केबिनमध्ये नेत असाल, तर महिनाभर दुसरीकडे न्या. लोक त्यांना कुठल्या समितीवर ‘प्रतिनिधी’ म्हणून बोलावतील तेव्हा ते आकड्यांचं काम असेल, तर त्यांनी हो म्हणायच्या आत तुम्ही हात वर करा.

त्यांचं चिलखत उतरायची जागा तुम्ही नसाल, मीही नसेन. ती बहुधा त्यांच्या मैत्रिणींचं मंडळ, चर्च, सॉरॉरिटी म्हणजे कॉलेजपासूनचं भगिनीमंडळ, केसांचं सलून अशी कुठेतरी असते. तुमच्या अटलांटातच ब्लॅक बायकांना त्यांच्या अनुभवाची जाण असलेले थेरपिस्ट शोधून देणारी ‘थेरपी फॉर ब्लॅक गर्ल्स’ आहे, आणि विश्रांती हा हक्क आहे असं सांगत लोकांना एकत्र जमवून झोपू देणारी ‘नॅप मिनिस्ट्री’ २०१६ मध्ये तिथेच सुरू झाली. त्यांनी कधी स्वतःहून विषय काढला तर नाव सांगा, आधी नको. रजेचा विषय निघाला तर १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची बिनपगारी पण नोकरी राखणारी वैद्यकीय रजा बहुतेक मोठ्या संस्थांत मिळते, हे त्यांना ठाऊक असेलच. त्या नसताना काम कोण बघणार, याचं उत्तर मात्र त्यांच्याकडे नसतं, आणि तिथेच अर्ज अडतो. ते उत्तर तुम्ही आणि तुमच्या टीमने आत्ताच कागदावर तयार करून ठेवा: कुणाकडे कोणती सही, कुणाकडे कोणती बैठक, किती दिवस. तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवा, कॉफीच्या त्या मगाशेजारी.